अलिबागला घर घ्यायचंय? आधी पाणी बघा

अलिबाग तालुक्यात जागा शोधणारे लोक दलालाला पहिला प्रश्न विचारतात, "समुद्र किती लांब?" उत्तरही ठरलेलं असतं, "चालत पाच मिनिटं." या पाच मिनिटांवरून तिथे पुढची वीस वर्षं नीट राहता येईल का, याचा काडीइतकाही अंदाज येत नाही. किनाऱ्यापासून दहा किलोमीटर आत असलेल्या प्लॉटच्या कुंपणाशी उधाणाला खारं पाणी येऊ शकतं. उलट वाळूपासून हाकेच्या अंतरावरच्या घराची विहीर भर मे महिन्यात गोडं पाणी देत असते. समुद्र किती लांब आहे हे मोजून यातलं काहीच कळत नाही. बघायचं ते पाणी: खारं पाणी कुठून आणि किती वर येतं, गोडं पाणी कुठून येतं आणि किती महिने टिकतं, आणि पावसाचं पाणी शेवटी कुठे जातं.

हे सगळं मी कायमचं राहायला येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहितोय. शनिवार-रविवारपुरतं येणाऱ्याला टँकर मागवून भागवता येतं. निवृत्तीनंतर आई-वडिलांना घेऊन येणाऱ्याला ते परवडत नाही.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. अलिबाग तालुका जवळजवळ द्वीपकल्पच आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला धरमतरची खाडी, दक्षिणेला कुंडलिकेचं मुख म्हणजे रेवदंड्याची खाडी, आणि उत्तरेला रेवस-मांडव्यापलीकडे मुंबईचं बंदर. मध्ये कनकेश्वर आणि सागरगडाचे डोंगर. म्हणजे खारं पाणी इथे पुढून येतं तसंच मागूनही येतं, आणि घर शोधणारे सगळे फक्त पुढे बघत असतात.

पुढची बाजू ओळखीची आहे. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली, मग अलिबाग शहर, त्याच्या दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग सुरूचं बन, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, मग गावातला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे भातशेती. जुनी घरं बहुतेक वाडीच्या रस्त्याकडच्या टोकाला आहेत, समुद्राकडच्या टोकाला नाहीत. आधीच्या पिढ्यांना समुद्र आवडत नव्हता अशातला भाग नाही. वारा, खार आणि लाटा झाडांनी आधी अंगावर घ्याव्यात आणि उरलेलं घरापर्यंत यावं, हा साधा हिशेब त्यामागे होता. आजचे बंगले नेमके उलट्या टोकाला बांधले जातात.

भरती दिवसातून दोनदा येते, पण प्रत्येक भरती सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मोठ्या उधाणाला या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरहून जास्त फरक पडतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते ती यामुळेच. जागा बघायला तुम्ही अष्टमीच्या दुपारी गेलात तर समुद्र गरीब गाय वाटेल. जायचं तर आषाढ-श्रावणातल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भरतीच्या वेळी, वारा नैर्ऋत्येचा असताना जा. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडली असतील, काही झाडं पुळणीवर आडवी झाली असतील, तर तिथे किनारा आत सरकतोय. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. बंधारा त्याच्या मागची जमीन वाचवतो, पण लाटांचा जोर आणि वाळूची भूक बंधारा संपतो तिथल्या उघड्या जमिनीवर जाते. बंधारा शेजाऱ्याच्या हद्दीत संपत असेल, तर धूप तुमच्या हद्दीत सुरू होण्याचा धोका असतो.

मागची बाजू म्हणजे खारेपाट. पोयनाड, शहापूर, धेरंड या बाजूची, धरमतर खाडीला लागून असलेली सखल जमीन. अलिबागला रस्त्याने येताना वडखळनंतर जी मोकळी, सपाट, हिरवीगार शेतं लागतात, ती बघून माणसं गाडी थांबवतात आणि फोटो काढतात. यातली बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. ती कोरडी राहते ती मातीच्या बांधांमुळे, म्हणजे खारबंदिस्तीमुळे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीचं दार सुटतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते दार बंद होतं. ही युक्ती सुंदर आहे, पण तिला दोन शत्रू आहेत. एक म्हणजे मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येणं, कारण मग आतलं पाणी चार-पाच तास बाहेरच पडू शकत नाही. दुसरा म्हणजे बांधाला खांड पडणं, म्हणजे बांध फुटणं. खांड वेळेत बुजवली नाही तर प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येतं, जमीन नापीक होते आणि काही वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे कांदळवन, उगवतात.

या शेतांमागे मोठा इतिहास आहे. खोतीविरुद्ध, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, इथल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन पडीक ठेवून चरीचा संप चालवला, नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. बांधाची निगा ही पूर्वी गावाची सामाईक जबाबदारी होती, आता बरेच बांध सरकारच्या खारभूमी विभागाकडे आहेत. इथे घर घेताना प्लॉटच्या भिंतीपेक्षा बांधाची स्थिती महत्त्वाची. बांधावरून एकदा चालून या, आणि गेल्या काही वर्षांत खांड कुठे गेली होती ते गावात विचारा. ते लोक हात करून जागा दाखवतील.

आता गोडं पाणी. इथे थोडं शास्त्र लागतं.

किनाऱ्याजवळ वाळूत विहीर खणली तर समुद्राचं पाणी लागायला हवं, पण लागतं गोडं. कारण पावसाचं जिरलेलं पाणी हलकं आणि समुद्राचं पाणी जड. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो तसं. फरक थोडाच आहे, समुद्राचं पाणी गोड्याहून जेमतेम अडीच टक्के जड. पण त्यातूनच एक महत्त्वाचा हिशेब निघतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. आता हेच उलटं वाचा: पंप लावून वरची पातळी एक मीटर खाली नेली, तर कालांतराने खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकतं.

वाडीतल्या जुन्या विहिरी उथळ आणि रुंद असत, त्यावर रहाट असे. रहाट वरचंवरचं गोडं पाणी हळूहळू काढतो आणि विहिरीला भरायला वेळ देतो. बोअरवेल खोल जाते आणि एकाच बिंदूतून जोरात ओढते, त्यामुळे तिच्या खाली खाऱ्या पाण्याचा शंकूच वर येतो. एकदा पाणी मचूळ झालं की ते परत गोडं व्हायला कित्येक पावसाळे लागू शकतात. शेजारच्या तीन बंगल्यांनी पोहण्याचे तलाव आणि हिरवळी केल्या असतील, तर तुमची विहीर तुम्ही कितीही काटकसर केली तरी मचूळ होऊ शकते. जमिनीखाली कुंपण नसतं.

म्हणून विहिरीचं पाणी दिवाळीत चाखून काही उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचंच गोडं असतं. चैत्र-वैशाखात जा. सोबत पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर न्या, काहीशे रुपयांत मिळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. नुसता त्या जागेचा आकडा घेऊ नका. आजूबाजूच्या चार-पाच घरांच्या विहिरींचं पाणी मोजा, विशेषतः समुद्राकडच्या घरांचं. समुद्राकडून रस्त्याकडे येताना आकडा कसा उतरतो, त्यावरून खारं पाणी कुठवर आलंय ते कळतं. आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. वाड्या रस्त्यापासून समुद्राकडे लांबलचक आणि अरुंद असतात. त्यामुळे तुमच्या विहिरीपासून तुमचा शोषखड्डा लांब असला, तरी शेजाऱ्याचा कदाचित चार पावलांवर असतो. वाळूत घाण पाणी झपाट्याने झिरपतं. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात १५ मीटर तरी हवेत, आणि यात शेजाऱ्याचा खड्डाही धरायचा.

नळाची लाइन आहे म्हणून दलाल छाती पुढे काढतो. लाइन असणं वेगळं आणि पाणी येणं वेगळं. तालुक्यातली अनेक गावं उमटे धरणाच्या योजनेवर अवलंबून आहेत. तुम्ही पाहताय ते गाव लाइनच्या सुरुवातीला आहे की शेवटाला, मेमध्ये किती दिवसांआड पाणी येतं, हे नळावर कपडे धुणाऱ्या बाईंना विचारा. ग्रामपंचायतीतल्या कागदापेक्षा ते उत्तर खरं असेल.

गोड्या जमिनीची एक खूण मात्र दिवाळीनंतरही दिसते. कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात भात निघाल्यावर त्याच शेतात पांढरा कांदा लावतात, अलिबागचा तोच कांदा ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कांद्याला खार सोसत नाही. ज्या शेतात कांदा येतो, तिथली माती खारी नाही आणि भातानंतरही ओल धरून आहे. माझ्या मते तालुक्यात कायम राहण्यासाठी हा पट्टा सगळ्यात कमी चर्चेतला आणि सगळ्यात समजूतदार आहे. समुद्र दिसत नाही एवढाच त्याचा दोष.

पावसाच्या पाण्याबद्दल थोडक्यात. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भातशेत हे त्या पाण्याचं साठवणघर असतं. त्यात भराव टाकून प्लॉट पाडले की पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या सखल जागी जातं. म्हणून प्लॉटभोवती कोणती शेतं अजून भरायची राहिली आहेत ते बघा. ती भरली जातील तेव्हा सखल जागा तुमची असेल. रस्त्याखालची मोरी बुजलेली नाही ना, ओढा प्लॉटिंगच्या नकाशातून गायब तर झालेला नाही ना, हेही बघा.

मग डोंगराच्या बाजूला जावं का? कनकेश्वराच्या पायथ्याला मापगावकडे हवा चांगली, उंची चांगली, खाऱ्याची भीती नाही. पण उंची म्हणजे सुरक्षितता असं सरसकट समजू नका. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी दरडीखाली गेली, दोन्ही याच रायगड जिल्ह्यात. पायथ्यापासून थोडं सुटं, सपाट आणि ओढ्याच्या तोंडाशी नसलेलं घर हवं. वरच्या उतारावर कोणी बंगल्यासाठी डोंगर उभा कापला असेल तर सरळ दुसरी जागा बघा.

कायद्याच्या भागात बहुतेक लोक एका आकड्यावर अडकतात: ५०० मीटर. किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात, ते उच्चतम भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत असतं. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, सध्याची २०१९ ची. पण ५०० मीटरच्या आत काहीच बांधता येत नाही असं नाही, आणि बाहेर सगळं मोकळं असंही नाही. ग्रामीण भागात खरा अडसर आहे तो ना-विकास पट्ट्याचा, म्हणजे जिथे नवं बांधकाम सहसा करता येत नाही त्या पट्ट्याचा. २०१९ च्या नियमांनुसार २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोकवस्ती असलेल्या भागात हा पट्टा भरती रेषेपासून ५० मीटरचा, आणि त्याहून विरळ वस्तीत २०० मीटरचा. स्थानिक कोळी आणि जुन्या रहिवाशांना त्यात काही मुभा आहेत. बाहेरून आलेल्या खरेदीदाराला त्या आपोआप लागू पडतात असं समजू नका. दलाल "इथे सगळ्यांनी बांधलंय" म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा त्याच मुभांकडे बोट दाखवत असतो, किंवा सरळ अनधिकृत बांधकामांकडे.

आणि खाडी विसरू नका. भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं त्या खाड्यांच्या काठालाही सीआरझेड लागू आहे. तिथला पट्टा २०१९ नुसार ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, जे कमी असेल तेवढा. शिवाय कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकाम नको, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ पासूनचा आदेश आहे, आणि तो खासगी जमिनीलाही लागू आहे. खांड गेलेल्या खारेपाटातल्या शेतात तिवरं उगवली असतील, तर सातबारा कोणाच्याही नावावर असो, तिथे घर होणार नाही. अशी जमीन स्वस्त मिळते. ती स्वस्त का आहे ते आता कळलं असेल. जिल्ह्याच्या मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट नंबर टाकून भरती रेषा कुठून जाते ते तपासा, आणि मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्या. गुगलच्या नकाशावर बोट ठेवून हे काम होत नाही.

शेतजमिनीचं वेगळंच. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. तेव्हा एकतर अकृषिक झालेला प्लॉट घ्या किंवा बांधलेलं घर. एका सातबाऱ्यावर वीस-तीस जणांची नावं चढवून विकलेल्या "गुंठ्या"पासून लांब राहा. फेरफार आणि इतर हक्कांचा रकाना वकिलाकडून वाचून घ्या. वाडीतली जागा असेल तर रस्त्यापासून तुमच्या हद्दीपर्यंतची वाट कागदावर आहे का ते विचारा. तोंडी वहिवाटीची वाट एका भाऊबंदकीत बंद होते.

वाऱ्याचं आणि खारट हवेचं मी फार ताणत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या थोडं दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या, आणि काही गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. घरावर पडू शकेल असं उंच झाड, पत्र्याचं छप्पर आणि विजेशिवाय न चालणारा पाण्याचा पंप, या तिन्हींचा विचार घर बघतानाच करा. खारट हवेने लोखंडी ग्रिल, एसीची जाळी आणि फ्रीजचा मागचा भाग खाल्ला जातो. लाटांपासून पहिल्या काहीशे मीटरमध्ये तो त्रास सगळ्यात जास्त असतो.

राहिलं रोजचं जगणं. मांडव्याजवळ घर घेणारे गेटवेच्या कॅटामरान बोटीवर विसंबतात, तासाभरात मुंबई. पावसाळ्यात साधारण जूनपासून ऑगस्टअखेर ती बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून सुरू झालेली रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, पावसाळ्यातही चालते, पण हवा बिघडली की तीही थांबते. मग उरतो वडखळमार्गे शंभरेक किलोमीटरचा रस्ता, आणि सुट्टीच्या दिवशी वडखळ ते अलिबाग टप्प्यातली गाड्यांची रांग. अटल सेतूने जानेवारी २०२४ पासून मुंबईकडचा टप्पा सोपा केला, वडखळपुढचा हा नाही. रेवसहून खाडीवरून उरणकडे नेणाऱ्या, होऊ घातलेल्या रेवस-करंजा पुलाच्या आशेवर आज जादा भाव देणं मला पटत नाही. पूल होईल तेव्हा होईल, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो.

घरात वयस्कर माणसं असतील तर मी अलिबाग शहर किंवा लगतचं चेंढरे सुचवीन. जिल्हा रुग्णालय, औषधाची दुकानं, पनवेलची विनाथांबा एसटी, सगळं रिक्षाच्या अंतरावर. गंभीर आजाराला पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते, आणि ती वाट चेंढऱ्याहून जितकी आहे त्याहून रेवदंड्याहून बरीच लांब आहे. घरून काम करणाऱ्या तरुण जोडप्याला चोंढी-झिराड बरं पडेल. बाजार जवळ, समुद्र सायकलवर, घर मात्र पुळणीपासून आत. नागाव-आक्षीच्या वाड्या देखण्या आहेत यात वादच नाही, पण मोठ्या सुट्टीत तिथला अरुंद रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो आणि शेजारच्या कॉटेजमधला स्पीकर तुमच्या माजघरात वाजतो. थळ-वरसोलीसारख्या कोळी वस्तीजवळ घर घेतलं तर वाळत घातलेल्या मासळीचा वास येणार. त्याची तक्रार करायची असेल तर तिथे जाऊच नका, ती माणसं आधीपासून आहेत.

घाई नसेल तर विकत घेण्याआधी त्याच गावात भाड्याने राहून बघा. अकरा महिन्यांचा करार जूनच्या मध्यावर सुरू केला तर मेच्या मध्यावर संपतो. त्यात कॅटामरान बंद असलेला अख्खा पावसाळा येतो, आषाढ-श्रावणाची उधाणं येतात, दिवाळी-नाताळची गर्दी येते, आणि विहिरी तळाला लागतात तो वैशाखही येतो. मीटरवरचा आकडा दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये घरमालकाशी किंवा दलालाशी भावाची बोलणी करताना ती वही सोबत न्या.